मराठीसाठी दोन

वडगावात आमची गल्ली गप्प होते
ती फक्त लाईट गेल्यावर.
अठ्ठावीस माग एकदम थांबतात.
कान आधी दुखतो, मग ऐकायला लागतो:
नळाचं टिपूस, तिसऱ्या घरातली शिंक,
कल्लवाक्का कोंबडीला कन्नडात शिव्या देते ते.
तेवढ्यात मी कपाटात शिरतो.

कपाट लग्नातलं.
आत साड्या, आमच्याच मागावरच्या,
काठाचा धागा तुटलेल्या, एका बाजूनं रंग धरलेल्या.
बाजारात यांना कुणी विचारलं नाही.
पण आवाज प्यावा तर यांनीच.
पाठीला वाकळ, पायाखाली वाकळ,
कशिद्याच्या रिंगणावर ताणलेला पोराचा मोजा,
'प' आणि 'फ'ची फुंकर अडवायला.
मायक ऑर्केस्ट्रावाल्या डुमिंगकडचा, बाराशेला.
"पडू देऊ नको," म्हणाला, "रुसतो तो."
लॅपटॉप भाच्याचा. बॅटरी चाळीस मिनिटं,
त्यातली दहा घाम पुसण्यात.

पहिल्या महिन्यात बावीस नमुने पाठवलो.
उत्तरं तीन.
एकाला मागं काहीतरी खटखटताना ऐकू आलं.
एक कळवतो म्हणाला, अजून कळवतोच आहे.
तिसरा पुण्याचा. भला माणूस, फोनच केला:
"मॅडम, आवाज छान आहे तुमचा.
पण बाई 'मी आलो' म्हणत नाही हो.
'आले' म्हणते."

मी सासूकडं बघितलो.
ती कांड्या भरत बसलेली.
जन्मभर 'आलो, गेलो, जेवलो' म्हणत आलेली;
बाळंत झाल्यावरही म्हणाली असेल,
"सुटलो गं बाई."

मग शिकलो.
कपाटाच्या आत 'आले', बाहेर 'आलो'.
मधल्या फळीला सीमा म्हणायचा मोह होतो,
पण इथं त्या शब्दावर आधीच फार माणसं उभी आहेत.
आपली ती फळीच बरी. बिजागरी कुरकुरते,
तिला खोबरेल.

पहिलं काम खानापूरकडच्या पतसंस्थेचं.
फोन लावला की जी बाई बोलते, ती मी.
दोन्ही भाषांत, अठराशे रुपये.
कन्नडासाठी कल्लवाक्काला कपाटाबाहेर बसवलो.
*कन्नडक्कागि ओंदन्नु ओत्ति.*
"ओ आखूड कर," ती दारातून ओरडते,
"तुझा मराठी ओ लांब पडतोय, शेपटीगत."
सतरा वेळा आखूड केलो.
मग, मराठीसाठी दोन दाबा.
हे मात्र एका दमात जाईल वाटलं होतं.
'दोन' म्हणताना घशात काहीतरी अडकलं;
थुंकी असेल. परत घेतलो.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
हसून म्हणायचं, डुमिंगनं सांगितलेलं,
दात दिसले नाहीत तरी ऐकू येतात.
अंधारात, साड्यांकडं बघून, मी हसलो.

बॅटरी चार टक्के.
'धन्यवाद'मधला 'द' ओठांवर असतानाच लाईट आली.
सगळी गल्ली एकदम सुरू.
शेवट कापलो, जमेल तेवढा,
आणि डोळे मिटून पाठवून दिलो.

पैसे जमा झाले त्या दिवशी
सासूच्या हातात फोन दिलो. नंबर लावून दिलो,
कोण बोलतंय ते सांगितलो नाही.
ती ऐकत राहिली, भिंतीकडं बघत.
एक नाही, दोन नाही, काहीच दाबेना.
आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही,
आतली बाई गोड आवाजात म्हणाली.
"थांब की गं जरा," सासू तिला म्हणाली.

मग फोन कानापासून धरून, माझ्याकडं वळून:
"बाई कुणाची ते कळंना.
लै शुद्ध बोलते.
पण तिच्या मागं आपला तीन नंबरचा माग हाय बघ.
धोटा ढिला झालाय त्याचा.
उद्या सोमय्याला बोलव."